निळ्यावर ओरडायचं नाही

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. खिशात मावणारा नव्हे, चांगला कपाटाएवढा. तुमच्या फोनच्या पोटात म्हणे शेकडो खेळ असतात आणि तरी तो सडपातळच. माझ्या पोटात खेळ एकच, आणि मला जागचा हलवायचा तर चार माणसांना घाम फुटतो. लाकडी अंग, काचेचा पडदा, पडद्याखाली एक फळी आणि फळीवर दोन दांड्या. दोन्ही दांड्यांशेजारी एकेक गोल बटण. कपाळावर एक लाल हत्ती आणि एक निळा हत्ती सोंड उंचावून उभे आहेत. लाल हत्तीचा एक कान उडालाय, पण माझ्या वयाला एवढं चालायचंच.

माझं कसं चाललंय म्हणाल, तर झकास चाललंय. मधे मात्र एकदा माझी भंगारात जायची वेळ आली होती. त्यातून मी कसा वाचलो तेच तुम्हाला सांगायचं आहे. पण गोष्ट सुरुवातीपासून सांगितली नाही तर तिची गंमत जाते, म्हणून जरा दम धरा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सुताराने फळ्या कापल्या आणि माझा सांगाडा उभा केला. एका बाईंनी माझ्या पोटातल्या तारा इतक्या निगुतीने जोडल्या की आजवर एकही सुटलेली नाही. काम करताना त्या गुणगुणत असत. त्यामुळे की काय, सुरू होताना मी अजून थोडासा गुणगुणतो. रंगाऱ्याने हत्ती रंगवले. त्या बाबाने उभ्या जन्मात हत्ती पाहिला नसावा, कारण दोघांच्या शेपट्या घोड्याच्या झाल्यात. पण रंग त्याने मन लावून दिला, म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

माझ्यातला खेळ अगदी सोपा आहे. पडद्यावर डावीकडे नदी, उजवीकडे गाव. गावातल्या घरांना आगी लागतात. हत्तींनी नदीवर सोंड भरून घ्यायची, गावात जायचं आणि आग विझवायची. घर मोठं असलं तर एका सोंडेने भागत नाही. दोघांनी एकदम पाणी मारावं लागतं. हत्ती एकमेकांवर आदळले तर पुढचा हत्ती एक पाऊल सरकतो. ज्याने हा खेळ रचला त्याच्या मते ही टक्कर म्हणजे नुसता खोळंबा. म्हणून त्याने माझ्या फळीवर ठळक अक्षरांत छापून घेतलं, ‘हत्तींची टक्कर टाळा.’ हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याची चांगलीच फजिती होणार आहे.

एका आजोबांनी मला विकत घेऊन आपल्या दुकानात नेलं. त्यांचं सायकली भाड्याने देण्याचं दुकान होतं. सगळ्या सायकली बाहेर गेल्या की पोरं दारात ताटकळायची, आपापसांत भांडायची आणि आजोबांचं डोकं खायची. त्यांना गुंतवून ठेवायला आजोबांनी मला आणलं. मला कोपऱ्यात उभं केलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाले, “आता यांना तू सांभाळ बाबा.” माझ्यावर कुणी टाकलेला तो पहिला विश्वास.

थोड्याच दिवसांत एक अपघात झाला. एक मुलगा एका हातात सरबताची बाटली धरून निळा हत्ती खेळत होता. एक मोठ्ठं घर विझलं तसा तो आनंदाने उडाला आणि बाटली आडवी. सगळं सरबत निळ्या दांडीच्या बुडात गेलं. सरबत वाळलं, त्यातली साखर दगडासारखी घट्ट बसली आणि दांडी अडकली. वर जायची, खाली जायची, डावीकडे जायची. उजवीकडे म्हणाल तर काही केल्या नाही. आजोबांनी माझ्या अंगावर ‘निळा हत्ती बंद आहे’ असा कागद चिकटवला आणि दुरुस्ती करणाऱ्याला निरोप धाडला. तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. मग कागद वाऱ्याने उडून गेला आणि कागदाबरोबर ती आठवणही गेली, कारण आजोबा विसरभोळे. तो सरबतवाला मुलगा पक्का हुशार. तो पुन्हा तिकडे फिरकलाच नाही.

त्यानंतर माझ्याकडे दोन मुलं आली. एक मुलगा असा उंच की पडदा बघायला त्याला वाकावं लागे. त्याला सगळे लंबू म्हणत. एक मुलगी एवढीशी की तिला उभं राहायला लाकडी खोकं लागे. ती चिमणी. दोघांची ओळखपाळख नव्हती. सायकलीची वाट बघताना ती शेजारी उभी राहिली एवढंच. लंबूने लाल हत्ती घेतला, चिमणीच्या वाट्याला निळा आला.

तिने दांडी उजवीकडे ओढली. हत्ती ढिम्म. पुन्हा ओढली. गावात घरं भराभरा पेटत होती आणि निळा हत्ती नदीकाठी उभा. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर मला लाथ घालणार. तिने दोन्ही केलं नाही. शेजारी बघून ती म्हणाली, “माझा हत्ती तिकडे जातच नाही.”

लंबूने क्षणभर विचार केला. “मग तू थांब काठावर,” तो म्हणाला. “मी मागून येतो आणि ढकलतो.”

आणि मित्रांनो, त्याने खरंच ढकललं. लाल हत्ती मागे, निळा पुढे, अशी ती जोडी ठुमकत ठुमकत गावात पोहोचली. दोघांनी एकदम सोंडा सोडल्या आणि सगळ्यात मोठं घर विझलं. परत नदीकडे जायला डावीकडे जायचं होतं, ते निळ्याला आपलं आपण जमत होतं. तो पळत काठावर जायचा, सोंड भरायचा आणि लालची वाट बघत उभा राहायचा. फळीवरचं ते ठळक वाक्य दोघांच्या हाताखाली होतं. पण ते वाचायला वेळ कुणाला होता?

हळूहळू सगळी पोरं तसंच खेळायला लागली. नव्याने येणाऱ्याला जुनी पोरं सांगत, की निळा उजवीकडे जात नाही, त्याला ढकलावं लागतं. बिघाड आहे असं कुणी म्हणालंच नाही. त्यांच्या लेखी खेळच तसा होता. मग त्यातून नियम निघाले. निळा हत्ती सगळ्यात नव्या किंवा सगळ्यात लहान खेळाडूने घ्यायचा. दोघांचे गुण वेगळे मोजायचे नाहीत, कारण ढकलण्याचे गुण मी देतच नाही आणि मग लालवर अन्याय होतो. आणि सगळ्यात मोठा नियम चिमणीने केला. एकदा एका दांडगटाने छोट्या मुलाला “मूर्खा, लवकर ये की काठावर,” असं दरडावलं. चिमणी खोक्यावर चढली आणि म्हणाली, “निळ्यावर ओरडायचं नाही. तो आधीच अडकलाय.” तो दांडगट तिच्या दुप्पट होता. पण मुकाट्याने गप्प बसला.

माझ्या पडद्यापुढचे शब्द पोरं बाहेरही वापरायला लागली. कुणाला गणित येईनासं झालं की तो मित्राला म्हणे, “जरा ढकल ना.” कुणाची वाट बघत थांबायचं असलं की म्हणायचे, “ये सावकाश, मी काठावर आहे.” मोठ्या माणसांना वाटे, पोरांची डोकी फिरली आहेत. मला मात्र फार बरं वाटायचं. एका बिघडलेल्या दांडीतून एवढी मोठी भाषा निघेल असं त्या खेळ रचणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

पण दिवस सारखे राहत नाहीत. पोरं मोठी झाली. घरोघरी संगणक आले, मग खिशात फोन आले. आजोबा थकले आणि दुकान त्यांच्या जावयाने घेतलं. जावयाने सायकली काढल्या आणि चपला-बूट मांडले. माणूस वाईट नव्हता. त्याने मला विकलं नाही, फेकलंही नाही. नुसतं मागच्या खोलीत ढकललं आणि माझ्या पडद्यासमोर बुटांचे खोके रचले. ते ढकलणं काही पूर्वीसारखं नव्हतं. कित्येक वर्षं मी पडद्यासमोर ‘सहा नंबर, काळा, मुलांचा’ एवढंच वाचत होतो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण मधूनच कुणीतरी नवे बूट घालून पुढच्या खोलीत धावत सुटे, त्या आवाजाने मला पोरांची आठवण येई आणि तेवढ्यावर माझा दिवस निघे.

एके दिवशी खोके बाजूला झाले. समोर चष्मा लावलेली एक तरुण मुलगी होती, आणि तिच्याशेजारी केस पांढरे झालेली एक बुटकी बाई. त्या बाईने हात वर करून माझ्या कपाळावरच्या निळ्या हत्तीला बोटाने टिचकी मारली. मी ओळखलं. चिमणी!

चिमणी आता दातांची डॉक्टर झाली होती. सोबतची मुलगी तिच्या भावाची, म्हणजे तिची भाची. या भाचीला लहानपणी झोपवताना आत्याने राजा-राणीच्या गोष्टी सांगितल्या नव्हत्या. काठावर थांबणाऱ्या हत्तीच्या सांगितल्या होत्या. त्या ऐकून भाचीच्या डोक्यात असा किडा शिरला की मोठेपणी तिने अभ्यासाला विषयच तो घेतला. माणसं पडद्यावरचे खेळ कसे खेळतात, खेळता खेळता कोणते नियम बनवतात, कोणते शब्द घडवतात, कुणाशी मैत्री करतात, हे ती शोधत होती. तिचे बाबा चारचौघांत म्हणत, “आम्ही तिला सांगायचो, खेळू नकोस, अभ्यास कर. तिने दोन्हीचं एक करून टाकलं.” वरवर तक्रार असे, पण सांगताना त्यांचा चेहरा खुललेला असे.

भाचीने बूटवाल्या जावयाला विचारलं आणि त्याने मला आनंदाने देऊन टाकलं. मला बाहेर काढायला लंबू आला. आता तो मुलांना पोहायला शिकवत होता, पाठीत जरा वाकला होता, पण उंची तीच. त्याने मागून खांदा लावला आणि चिमणीने पुढून दोरी धरली. “ढकल रे लंब्या,” ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकला आणि माझ्या पोटातल्या तारा, वीज नसताना, जणू शहारल्या.

भाची ज्या विद्यापीठात शिकत होती तिथल्या एका रिकाम्या खोलीत मला ठेवलं. तिला त्या खोलीत खेळांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा करायची होती. जुने खेळ तिथे मांडायचे, जुन्या खेळाडूंना बोलवायचं, ते कसे खेळत ते नोंदवून ठेवायचं. पण त्या खोलीवर दुसराही हक्क सांगितलेला होता, आणि तो कुणाचा, तर मोडक्या खुर्च्यांचा. विद्यापीठातल्या सगळ्या मोडक्या खुर्च्या ठेवायला जागा हवी होती. खोली कुणाला द्यायची ते ठरवायला एक समिती येणार होती. समितीच्या प्रमुख होत्या गणिताच्या एक बाई. त्यांनी आधीच विचारलं होतं, की खेळात अभ्यास करण्यासारखं असतं तरी काय? भाचीला खोली मिळाली नाही, तर तिचा प्रकल्प बारगळणार होता. आणि माझी रवानगी थेट भंगारात. ठेवणार कुठे मला? तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद.

भाचीने ठरवलं की समितीला नुसतं बोलून दाखवायचं नाही, खेळूनच दाखवायचं. चिमणी आणि लंबू समितीसमोर खेळतील, मग बाईंना आपोआप कळेल. त्यासाठी मी अगदी कारखान्यातून निघालो तसा दिसायला हवा, असं तिला वाटलं. तिने मिस्त्रींना बोलावलं. जुनी यंत्रं दुरुस्त करण्यात मिस्त्रींचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी माझा पडदा बदलला, तारा साफ केल्या, फळी घासून चकचकीत केली. ‘हत्तींची टक्कर टाळा’ हे वाक्य नव्याने रंगवलं. मी आरशात बघितल्यासारखा खूश झालो.

मग त्यांनी निळ्या दांडीला हात घातला. “काका, ती तशीच असते,” असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला आवाज आहे तो फक्त गुणगुणण्याचा आणि आग विझल्याचा. मिस्त्रींनी दांडी उपसली, बुडातली साखर खरवडली, तेल घातलं आणि दांडी पुन्हा बसवली. आता ती लोण्यात फिरावी तशी चारी दिशांना फिरू लागली. भाचीने त्यांचे मनापासून आभार मानले. तिची यात काय चूक? दांडी बिघडलेली होती, हे आत्यालाच कधी माहीत नव्हतं. आत्याने तिला एवढंच सांगितलं होतं, की निळा हत्ती उजवीकडे जात नाही. तो मुळातच तसा, असं दोघींनी धरलेलं.

समिती यायच्या आदल्या दिवशी दुपारी चिमणी आणि लंबू सराव करायला आले. हसत आले, एकमेकांना चिडवत आले. लंबूने तिच्यासाठी आठवणीने एक लाकडी खोकं आणलं होतं. खेळ सुरू झाला. चिमणीने नदीवर सोंड भरली, सवयीने दांडी जरा चाचपली आणि निळा हत्ती आपला आपण तुरुतुरु गावात निघाला. ती दचकली. लंबू त्याच्या वाटेने गेला, ती तिच्या वाटेने. दोघांनी घरं विझवली. गुण भरपूर झाले, पूर्वी कधी झाले नव्हते इतके. आणि खोलीत कुणी एक शब्द बोललं नाही.

खेळ संपला. चिमणी खोक्यावरून उतरली. “छान झालाय हो,” ती म्हणाली. “अगदी नव्यासारखा.”

लंबूनेही मान हलवली. मग दोघं हवापाण्याच्या गप्पा मारू लागली. मित्रांनो, शिव्या परवडतात, पण आपल्या माणसाने परक्यासारखं ‘छान आहे’ म्हटलेलं सोसत नाही. मी नवा झालो होतो, चकचकीत झालो होतो आणि आतून पार रिकामा झालो होतो. मला वाटलं, या दोघांना बांधून ठेवणारी ती साखरच होती. ती गेली, सगळं गेलं.

भाचीला काहीतरी चुकल्याचं कळलं, पण काय ते कळेना. आत्या आणि लंबूकाका चहा प्यायला गेले, तशी ती माझ्यासमोर बसून राहिली. तिने कितीतरी जुन्या खेळाडूंशी बोलून त्यांचे आवाज साठवून ठेवले होते. ते ती ऐकू लागली. जो तो एकच गोष्ट सांगत होता. गुण कुणाला आठवत नव्हते. कोण कुणाला ढकलायचं ते मात्र सगळ्यांना आठवत होतं. मग तिने स्वतः लाल दांडी हलवली, निळी दांडी हलवली. दोन्ही एकसारख्या. ती उठली आणि मिस्त्रींना घेऊन आली. त्यांनी नेमकं काय काय दुरुस्त केलं ते तिने विचारलं. मिस्त्रींनी अभिमानाने एकेक सांगितलं आणि शेवटी निळ्या दांडीतली साखरही सांगितली. “दगड झाला होता हो त्या साखरेचा,” ते म्हणाले.

भाची मटकन खुर्चीवर बसली. ती खुर्ची मोडक्यांपैकी होती, त्यामुळे लगेच उठलीही.

“काका,” ती म्हणाली, “तो बिघाड पुन्हा बसवता येईल का?”

मिस्त्रींनी तिच्याकडे असं पाहिलं, की हिला ताप तर नाही ना आला. उभं आयुष्य त्यांनी बिघाड काढण्यात घालवलं होतं. बिघाड घाला म्हणून त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आधी ते रुसले. मग तिने सगळी हकिकत सांगितली, तेव्हा ते हसले आणि हत्यारांची पेटी उघडून बसले. त्यांनी दांडीत पाचर घातली, तर ती कुठेच जाईना. पाचर काढली, तर सगळीकडे जाई. साखरेचा पाक करून ओतला, तर तो वाळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची पावलं वाजली तेव्हाही मिस्त्री माझ्यासमोर पालथे पडलेले होते आणि त्यांच्या कोपरांना मुंग्या लागल्या होत्या. “चांगलं काम करणं सोपं,” ते कपडे झटकत भाचीला म्हणाले, “हुबेहूब वाईट करणं महाकठीण.”

भाचीचा चेहरा उतरला. गणिताच्या बाई आत आल्या. सोबत दोन सभासद होते, दारात शिपाई होता आणि दाराबाहेर मोडक्या खुर्च्यांची रांग तयार उभी होती. बाईंनी घड्याळाकडे बघून सुरू करायला सांगितलं. भाचीने आत्याच्या कानात घाईघाईने सगळं सांगितलं. दांडी आधी बिघडलेली होती, आपणच ती दुरुस्त करून घेतली आणि आता बिघाड परत बसत नाही. “खेळच पुसला गेला गं आत्या,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

चिमणी खोक्यावर चढली आणि तिने निळ्या दांडीवर हात ठेवला. “राहू दे,” ती म्हणाली. “मी नाही जाणार उजवीकडे.”

लंबूने वाकून तिच्याकडे पाहिलं. “नक्की?”

“नक्की. मी काठावर थांबते. तू ढकल.”

आणि मग, मित्रांनो, त्या खोलीत जे झालं ते मी माझ्या पडद्याच्या आतून पाहिलं. निळ्या हत्तीने सोंड भरली आणि तो काठावर थांबला. त्याला काहीच अडवत नव्हतं. दांडी तेल घातलेली, रस्ता मोकळा, समोर घरं पेटलेली. तरी तो थांबला. लाल मागून आला आणि ढकलू लागला. “हळू, हळू, पाडशील मला,” चिमणी हसत होती. “तुझं वजन वाढलंय,” लंबू म्हणत होता. मोठं घर विझलं तेव्हा दोघांनी एकदम आरोळी ठोकली, आणि दारातल्या शिपायाने टाळ्या वाजवल्या. त्यांचे गुण आदल्या दिवसाच्या निम्मेही झाले नाहीत.

गणिताच्या बाई जवळ आल्या. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि वाकून निळी दांडी हलवून पाहिली.

“ही दांडी उजवीकडे जाते,” त्या म्हणाल्या. “खाली लिहिलंय की टक्कर टाळा. एकेकटे खेळले तर गुणही जास्त मिळतील. मग या जात का नाहीत उजवीकडे?”

भाचीने आत्याकडे पाहिलं आणि मग बाईंकडे. तिचा आवाज आता ठाम होता. “बाई, हाच माझा विषय आहे.”

सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता खुर्च्या आत येणार. तेवढ्यात बाईंनी हातातली पर्स शिपायाकडे दिली आणि चिमणीला म्हणाल्या, “जरा सरकता? मला निळा द्या.”

बाईंनी सोंड भरली, काठावर थांबल्या. पण गावात एक घर धडाडून पेटलं आणि त्यांना राहवलं नाही. दांडी उजवीकडे ओढून त्या सुसाट निघाल्या. मिस्त्रींनी जीभ चावली. शिपायाचं तोंड ‘अहो’ म्हणायला उघडलं होतं, ते त्याने मिटलं. लंबू मात्र अगदी सहज, पोहायला शिकवताना घाबरलेल्या मुलाशी बोलतो त्या आवाजात म्हणाला, “या परत काठावर. घाई नाही. मी येतो.”

बाई परत आल्या. निळा हत्ती काठावर उभा राहिला. लाल आला, ढकलू लागला, आणि गावापर्यंत पोहोचेतो बाई लहान मुलीसारख्या खुदूखुदू हसत होत्या. दुसऱ्यांदा खेळल्या. तिसऱ्यांदाही खेळल्या. मग पर्स घेतली, गंभीर झाल्या आणि सभासदांना म्हणाल्या की खुर्च्यांना जिन्याखाली जागा बघा. खोली भाचीला मिळाली. भाची आत्याच्या गळ्यात पडली आणि मिस्त्री कोपऱ्यात उभे राहून निष्कारण हत्यारं पुसत राहिले.

तेव्हापासून मी इथेच आहे. आता माझ्या शेजारी आणखी काही जुने खेळ येऊन उभे राहिलेत. त्यांचे खेळाडू येतात, खेळतात, वाद घालतात, आठवणी काढतात आणि भाची ते सगळं टिपून ठेवते. गणिताच्या बाईही अधूनमधून येतात. तपासणीला म्हणून येतात आणि निळा घेऊन खेळत बसतात. मिस्त्री माझी दांडी दर महिन्याला तेल घालून चारी दिशांना फिरवतात आणि दरवेळी म्हणतात, “बिचारीची काही चूक नव्हती.”

मित्रांनो, जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, कुठल्या दुकानाच्या मागच्या खोलीत माझ्यासारखा कुणी धूळ खात असेल तर त्याच्यावरची खोकी बाजूला करा. त्याला पुसा, सुरू करा. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच्याशी कोण खेळत असे ते शोधा, त्यांना बोलवा आणि विचारा, की तुम्ही कसे खेळत होतात? माझ्या पोटातलं सगळं मिस्त्रींना दुरुस्त करता येतं. पण मी इतकी वर्षं ज्याला माझा खेळ समजत होतो, तो माझ्या पोटात नव्हताच. तो त्या दोघांच्यात होता, म्हणून वाचला.

परवा शाळेतली मुलं मला बघायला आली होती. त्यातल्या एका लहानग्याने निळा घेतला. मोठ्या मुलीने त्याला सगळं नीट समजावलं, तरी आग दिसताच तो दांडी ओढून उजवीकडे पळत सुटला. मोठी मुलगी काही बोलली नाही. तिने लाल हत्ती नदीकाठी नेला आणि निळा परत येईपर्यंत ती तिथे थांबली.